दगडावरचं विशेषण

“लॅटिन विसरला तर नाहीस ना, बावतू?”

इनासकाकांनी अंगणात पाऊल टाकलं आणि बरा आहेस का, काय चाललंय, असं काही न विचारता सरळ हेच विचारलं. मी केळीची वाळलेली पानं कोयत्यानं छाटत होतो. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. आवाज ऐकून आय ओटीवर आली आणि त्यांना बघून तिथंच थबकली. मुलगा गेल्यापासून इनासकाका कुणाच्या दारात गेलेले कुणी पाहिले नव्हते.

“इतकी वर्षं घोकलंय, इतक्यात कसा विसरेन?” मी म्हणालो.

“मग मला एक ओळ करून दे. सिमावच्या दगडावर घालायची आहे.”

मी कोयता खाली ठेवला.

हे आमच्या वसईतलं. मी त्याच वर्षी ईस्टरनंतर सेमिनरी सोडून घरी आलो होतो. फादर व्हायला थोडकंच राहिलेलं असताना परत आलेला मुलगा म्हणजे गावाला तोंडी लावायला आयता विषय. लोक मला अजून ‘ब्रदर’ म्हणायचे, काही सवयीनं, काही मुद्दाम. बाबा माझ्याशी बोलायचे ते फक्त बागेच्या पाण्याच्या पाळीविषयी. ट्रंकेतून कपड्यांबरोबर एक जाडजूड लॅटिन कोश आला होता. बागाईतदाराच्या घरात त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं आणि तो टाकवतही नव्हता.

इनास मच्याडो म्हणजे आमच्या चर्चच्या कॉयरमधला सगळ्यांत मोठा आवाज. चर्चमधली मिस्साची प्रार्थना लॅटिनमधून होत असे तेव्हापासून ते गात आलेले. पुढं सगळं मराठीत झालं तेव्हा गाव खूश झालं, इनासकाका मात्र कितीतरी दिवस हिरमुसलेले. अर्थ कळत नसे, पण देवाला कळतं ना, असं ते म्हणायचे. आणि आदल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचा एकुलता एक मुलगा, सिमाव, विहिरीवरची मोटार बंद पडली म्हणून बघायला गेला आणि विजेचा धक्का बसून तिथंच संपला. कॉलेजात होता. व्हायोलिन छान वाजवायचा. महिन्याची मिस्सा झाली आणि त्याची आई, रेमेतकाकी, भुईगावला भावाकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत. भांडण ऐकलं नव्हतं कुणी. नुसत्या गेल्या. काकांनी कॉयर सोडलं.

आयनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. काका ओटीच्या कडेवर टेकले.

“मराठीत का नको, काका?” मी विचारलं.

“मराठीत लिहिलं की सगळे वाचणार. मृतांच्या सणाला येणारा जाणारा थांबणार, वाचणार, आणि मग माझ्या तोंडाकडे बघणार. नको मला ते. देवानं वाचलं तरी पुरे.”

“काय लिहायचं?”

“त्याचं नाव. दगड कुणी बसवला ते. आणि… आमचं काय झालं ते.”

“दुःखी पिता असं लिहू? त्रिस्तिस म्हणून शब्द आहे.”

“दुःखी?” त्यांनी तो शब्द तोंडात आंबट लागल्यासारखा उच्चारला. “केळीवर रोग पडला तरी माणूस दुःखी होतो रे. आईबाप मेले की पोराला पोरका म्हणतात. पोर मेलं की बापाला काय म्हणतात?”

मी मराठीत शोधू लागलो. नवरा गेलेलीला शब्द आहे, बायको गेलेल्याला आहे, आईबाप गेलेल्याला आहे. आय दारातून हळूच म्हणाली, “निपुत्रिक म्हणतात ना.”

“निपुत्रिक म्हणजे ज्याला झालाच नाही तो,” काका म्हणाले. “मला झाला होता, वैनी.”

आय आत निघून गेली.

तेवढ्यात मला तो शब्द आठवला. सेमिनरीत एका जुन्या उताऱ्यात आला होता आणि मी तो ‘अनाथ’ असा लिहून मोकळा झालो होतो, तेव्हा आमच्या लॅटिनच्या फादरांनी वर्गात थांबवून सांगितलं होतं की थांब, इथं म्हातारा माणूस आहे, त्याचे आईबाप नाही गेले, त्याची मुलं गेली आहेत.

“ओर्बुस,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“ज्याचं माणूस त्याच्यापासून तुटलं तो. आईबाप गेलेलं पोरही ओर्बुस, आणि पोर गेलेला बापही ओर्बुस. लॅटिनमध्ये दोघांना एकच शब्द आहे.”

“ओर्बुस.” गाणाऱ्या माणसाचा ‘र’ होता तो, छातीतून आलेला. आयनं आत भांड्यांचा आवाज थांबवला. “पोपसाहेब आशीर्वाद देताना म्हणतात ते ऊर्बी एत ओर्बी, त्यातलाच हा?”

“नाही, काका. ते ओर्बी म्हणजे जगाला. ऐकायला सारखं, शब्द वेगळा.”

“बरं झालं विचारलं. जगाचं काही घेणंदेणं नाही इथं.” त्यांनी पाणी पिऊन तांब्या ठेवला. “लिही मग.”

“दगड कुणी बसवला म्हणून लिहू?”

“कुणी म्हणजे?”

मला ते समजावून सांगणं भाग होतं. मराठीत बाप दुःखी, आई दुःखी आणि दोघंही दुःखी; शब्द जागचा हलत नाही. पण आपल्याकडेच चांगला-चांगली-चांगले असं होतं ना, तसं या शब्दाचं होतं. ज्याचं विशेषण, त्याच्यासारखं ते बदलतं. बाप एकटा असेल तर ओर्बुस. आई एकटी असेल तर ओर्बा. दोघं असतील तर ओर्बी. नुसता मोघम ठेवावा म्हटलं तर ठेवताच येत नाही. आणि ज्याच्यावाचून हे झालं त्याचं नाव पंचमी विभक्तीत जातं. आपला सिमाव लॅटिनमध्ये सिमोन, आणि सिमोनचं सिमोने.

“पंचमीचा अर्थ काय सांगायचे रे शाळेत?”

“वियोग.”

“हां. वियोग.” ते बागेकडे वळून बसले. मग म्हणाले, “दोघांचं कर.”

“काकींना विचारलंत?”

“मी गेलो की ती आतल्या खोलीत जाऊन बसते. तिचा भाऊ चहा देतो, मी पितो आणि येतो.” ते उठले. “तू जा. तू विचार. तिला न विचारता दोघांचं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि पोराच्या डोक्यावर मी खोटं ठेवणार नाही.”

जायला मला अजिबात नको होतं. कुणाच्या घरच्या जखमेत बोट घालायचं काम, आणि तेही कोण करणार, तर घरात आपलंच तोंड चुकवत फिरणारा मी. पण त्यांना नाही म्हणवेना. संध्याकाळी मी ट्रंक उघडली आणि शब्द चुकायला नको म्हणून कोश काढून पाहिला. अर्थ तोच होता. पण त्या शब्दाच्या डोक्याशी कंसात बारीक अक्षरात आणखी काही होतं, जे मी विद्यार्थी असताना कधी वाचायची तसदी घेतली नव्हती. ते वाचलं आणि कोश तसाच मांडीवर घेऊन बसून राहिलो. बाबा बाहेरून आले, त्यांनी पाहिलं, आणि पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि भुईगावला गेलो.

रेमेतकाकी भावाच्या पडवीत विड्याची पानं एकावर एक रचत बसल्या होत्या. लहान-मोठी पानं निवडायची, देठ एका बाजूला आणायचे, गठ्ठा बांधायचा. हात थांबवलाच नाही.

“त्यानं पाठवलं?”

“हो, काकी. दगडावर काय लिहायचं ते विचारायला.”

“लिहा काय लिहायचं ते. माझं नाव नको.”

“नाव कुणाचंच नाही. फक्त सिमावचं. तुमच्यासाठी आणि काकांसाठी एक विशेषण आहे.”

“काय आहे?”

“विशेषण. तुम्ही कशा आहात ते सांगणारा शब्द.”

“मी कशी आहे ते माझ्या भावजयीला विचार. सगळ्या गावाला सांगते ती.” पण हात जरासा मंदावला. “कुठला शब्द?”

मी सांगितलं. काकांना सांगितलं होतं तसंच, बाप, आई, दोघं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं.

“आईचा कुठला म्हणालास?”

“ओर्बा.”

“परत म्हण.”

“ओर्बा.”

“ओर्बा,” त्या म्हणाल्या. पानं मांडीवर राहिली. “आपल्यात असा शब्दच नाही का रे? इतक्या बायकांची पोरं जातात. साथीत जायची, बुडून जायची, बाळंतपणात जायची. कुणालाच वाटलं नाही एक शब्द करावा?”

“पूर्वी असावा काहीतरी जवळचा,” मी म्हणालो, आणि कोशातलं ते बारीक अक्षर त्यांना सांगितलं. लॅटिनचा ओर्बुस, ग्रीकांचा पोरक्याला असलेला शब्द आणि संस्कृतातला ‘अर्भ’, म्हणजे लहान, दुबळं पोर, हे सगळे एकाच मुळाचे आहेत असं पंडित मानतात. ते मूळ हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी बोलत होतं. त्यातून एकीकडे मूल असा अर्थ कसा आला आणि दुसरीकडे मूल गेलेला असा कसा आला, ते कुणाला नक्की सांगता येत नाही. “आपण अर्भक म्हणतो ना, काकी. तेच ते.”

“अर्भक,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तान्हं.”

“हो.”

“मग शब्दात तो आहेच म्हणायचा.”

त्या उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येत नाहीत. काकांसारखा मीही चहा पिऊन उठणार. त्यांची भावजय खरंच चहा घेऊन आली. पण चहा संपायच्या आत त्या परत आल्या, तोंड धुऊन, पदर सारखा करून.

“त्याला मोटारीवर पाठवू नको, असं मी म्हटलं होतं. जेवू दे त्याला, उन्हं कलू दे, मग बघेल. तर हा म्हणे पानवेल करपली. आता सगळीच करपली, पाणी कोण देतंय? लोकांना मी सांगते, माझा काही राग नाही, नशिबाचा भाग. राग आहे, बावतू. आहे तो आहे.”

“हो, काकी.”

“तो दोघांचा शब्द. ओर्बी. तो कसा होतो? ओर्बा दोन वेळा घेऊन?”

आता खरं सांगावं लागणार होतं. “नाही. पुरुष आणि बाई एकत्र असले की पुरुषासारखं चालतं. तो पुल्लिंगीच आहे.”

“म्हणजे मी त्याच्या रूपात गेले.”

“व्याकरणात तसं…”

“तुझ्या व्याकरणाला मी काही म्हणत नाही. पण मी त्यात जाणार नाही. माझं मला वेगळं लिही. ओर्बा, आणि पुढं आई. आधी माझं. आणि त्याचं त्याच्या खाली लिही, त्याला जो शब्द आहे तो.” त्यांनी पानांचा गठ्ठा परत मांडीवर घेतला. “जागा पुरेल ना दगडावर?”

“पुरेल.”

“मग जा. चहा प्यालास ना?”

मी तिथून सरळ इनासकाकांच्या वाडीत गेलो. विहिरीच्या कडेला मोटारीची पत्र्याची खोली कुलूपबंद होती. पानवेलीच्या नुसत्या काठ्या उभ्या होत्या. काका एका आळ्यात बादलीनं पाणी ओतत होते. इतकी मोठी बाग, आणि ते दोन-चार नारळांना बादलीनं पाणी घालत होते.

मी निरोप सांगितला, शब्दाला शब्द. रागाचं सोडून. ते सांगणं माझं काम नव्हतं.

“वेगळं लिही म्हणाली?”

“हो. आधी त्यांचं.”

“आणि मग माझं? असं म्हणाली? तिनंच?”

“‘त्याचं त्याच्या खाली लिही’ असं म्हणाल्या.”

काकांनी बादली खाली ठेवली. ते विहिरीच्या कठड्यावर बसले, मोटारीच्या खोलीकडे पाठ करून. चेहऱ्यावर आशा की भीती ते कळेना. त्यांनी विचारलं, “एक सांग. ज्यानं आपल्या हातानं घालवला, त्यालाही हाच शब्द लागतो?”

“काका…”

“नाही, धीर देऊ नकोस. शब्दाचं सांग. तुझ्या पुस्तकात काय आहे ते सांग.”

मी विचार केला. त्यांना धीर नको होता आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंही.

“हे विशेषण आहे, काका. क्रियापद नाही,” मी म्हणालो. “क्रियापद असतं तर कुणी केलं ते सांगावं लागलं असतं. विशेषणाला कर्ता नसतो. कोण मागं राहिला आणि कुणावाचून राहिला, एवढंच ते सांगतं. कुणामुळे, ते विचारत नाही.”

“विचारत नाही,” ते म्हणाले.

“नाही.”

त्यांनी मान हलवली. मी कागदावर तीन ओळी ठळक अक्षरांत लिहून दिल्या: सिमोने फिलियो. ओर्बा मातेर. ओर्बुस पातेर. सिमोन या पुत्रावाचून उरलेली आई. सिमोन या पुत्रावाचून उरलेला बाप. काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि पापडी गावच्या मार्बलवाल्याकडे आपण स्वतःच जाऊ म्हणाले.

मृतांच्या सणाच्या आदल्या दिवशी सिमेटरीत जत्रा असते म्हटलं तरी चालेल. कुणी गवत काढतंय, कुणी क्रूसांना चुना लावतंय, बायका झेंडूच्या माळा ओवताहेत, पोरं मेणबत्त्यांच्या पुड्या फोडताहेत. सकाळीच इनासकाका हातगाडीवर दगड घेऊन आले. गोणपाटात गुंडाळलेला. गाडीवाला आणि मी मिळून तो उतरवला आणि सिमावच्या कबरीच्या डोक्याशी टेकवून ठेवला. सिमेंट कालवायचं बाकी होतं.

तेवढ्यात आजूबाजूचं बोलणं थांबलं. मी मागं पाहिलं. फाटकातून रेमेतकाकी येत होत्या. एकट्याच. हातात शेवंतीची फुलं, ओल्या फडक्यात बांधलेली. कुणाकडे न बघता सरळ कबरीपर्यंत आल्या आणि काकांपासून हातभर अंतर ठेवून उभ्या राहिल्या.

काकांनी गोणपाट बाजूला केलं.

दगड साधा पांढरा होता. अक्षरं काळी भरलेली, चांगली खोल कोरलेली. रेमेतकाकींना मराठी वाचता येत होतं, ही लिपी नाही.

“वाच,” त्या मला म्हणाल्या.

“सिमोने फिलियो,” मी वाचलं. “ओर्बा मातेर.”

त्या थांबल्या. मीही थांबलो.

“पुढं?”

“पुढं नाही, काकी.”

“नाही म्हणजे?”

मी काकांकडे पाहिलं. मला काहीच ठाऊक नव्हतं. मातेरच्या खाली दगड कोरा होता.

“मार्बलवाला विसरला?” काकींनी विचारलं. पहिल्यांदाच थेट काकांना. “का कागद हरवला?”

“नाही,” काका म्हणाले. “मीच नको म्हटलं.”

“का?”

काकांनी टोपी हातात घेतली होती, ती ते बोटांनी फिरवत होते. “बावतू म्हणाला, त्या शब्दाला कर्ता नसतो. कुणामुळे, ते तो विचारत नाही. पण मला माहीत आहे ना कर्ता कोण ते. तो शब्द तुझा आहे, रेमेत. मी तिथं लिहून घेतला तर चोरीच व्हायची.”

शेजारच्या कबरीवर चुना लावणाऱ्या बाईचा हात थांबला होता. काकींनी फुलं कबरीवर ठेवली, फडकं झटकून घडी केलं, आणि मग त्या बोलल्या. आवाज इतका खाली होता की मला एक पाऊल पुढं सरकावं लागलं, आणि मग सरकल्याचं वाईट वाटलं.

“मी ‘नको पाठवू’ म्हटलं ते तुला. तू ऐकलंस. त्याला काय म्हटलं ते तू ऐकलं नाहीस. तू बाहेर होतास. तो ताटावर बसला होता, अर्धी भाकरी उरली होती. मी म्हटलं, जा रे, बघून ये एकदा ती मोटार, नाहीतर दिवसभर ह्याचं तोंड चालू राहील. जेवण काय, परत येऊन जेव.” त्यांनी हातातल्या फडक्याची आणखी एक घडी घातली. “ताटावरून मी उठवला त्याला.”

काकांची बोटं टोपीवर थांबली.

“सगळं गाव तुझ्याकडे बघायचं आणि मी बघू द्यायची. घरात राहिले असते तर कधीतरी तोंडातून गेलं असतं, म्हणून गेले भावाकडे. तिथं बसून तुझ्यावर रागवायला सोपं जायचं. आता काय करतोस? तो शब्द खरवडून काढतोस दगडावरून?”

“नाही,” काका म्हणाले. “नाही, नाही.”

“मग तुझाही लिही.”

गाडीवाला माझ्याकडे बघत होता, दगड बसवायचा की नाही म्हणून. काकींनीच त्याला सांगितलं, “उचल भाऊ. काम अर्धं आहे ह्याचं.”

“उद्या सण आहे, काकी,” मी म्हणालो. “आज परत नेला तर उद्यापर्यंत मिळेल न मिळेल. सगळे येतील, दगड नसेल.”

“नसू दे. सगळ्यांना काय दगड बघायचा आहे?”

तर असे आम्ही निघालो. पुढं गाडीवाला, त्याच्या मागं इनासकाका आणि रेमेतकाकी, आणि मी सायकल हातात धरून सगळ्यांत मागं. सिमेटरीच्या फाटकापासून पापडीच्या रस्त्यापर्यंत माणसं सणाच्या फुलांचे हारे घेऊन येत होती आणि आम्ही उलटे जात होतो. लोक बाजूला व्हायचे आणि बघत राहायचे. एका ठिकाणी रस्ता खडबडीत आला, गाडी कलली, दगड सरकला, आणि काका-काकींनी एकदम हात लावला. मग त्यांनी हात काढलेच नाहीत. मुक्कामापर्यंत एका बाजूनं काकांचा हात दगडावर, दुसऱ्या बाजूनं काकींचा.

मार्बलवाला राजस्थानी होता, सणामुळे कामात बुडालेला. आम्हाला बघून वैतागला. “काका, मी तेव्हाच विचारलं होतं, खाली एवढी जागा सोडून काय करायची? दगडाचा खालचा भाग सिमेंटात जाणार, आता अक्षर बारीक येईल. वरच्याशी जुळणार नाही.”

“नाही जुळलं तरी चालेल,” काकी म्हणाल्या.

“कागद कुठाय?”

काकांनी खिसे चाचपले. कागद नव्हता. मी पुढं होऊन सांगणार होतो, तेवढ्यात काकींनी हात आडवा केला. सांगायचं होतं ते मी नव्हे, काकांनी.

“तूच सांग. कसा आहेस ते.”

मार्बलवाल्यानं कानावरची पेन्सिल काढली. काकांनी खाकरून घसा मोकळा केला, कॉयरमध्ये करायचे तसा. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दगडाकडे. मग डोळे मिटले आणि म्हणाले, “ओर्बुस.”

“कसं लिहायचं?”

“ओ,” काका म्हणाले. “आर. बी. यू. एस.” प्रत्येक अक्षराला मार्बलवाल्याची पेन्सिल दगडावर फिरायची आणि ते पुढच्या अक्षरासाठी थांबायचे. एस झाल्यावर त्यांनी गालांवरून पाणी तसंच वाहू दिलं.

“आणि पुढं?”

“पातेर,” काकांच्या आधी काकी म्हणाल्या. “पातेर म्हणजे बाप ना रे, बावतू?”

“हो, काकी.”

“पातेर लिहा.” मग त्यांनी मार्बलवाल्याच्या पोरसवदा बायकोला हाक मारली, जी मागं चुलीवर चहा ठेवत होती. “बाई, एक स्टूल असलं तर दे इकडं. ह्यांना बसू दे. पहाटेपासून उभे आहेत हे.”

दुसऱ्या दिवशी सणाला सिमावच्या कबरीवर दगड नव्हता. नुसती शेवंती आणि मेणबत्त्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला दोघं शेजारी उभी होती आणि गाव हवं तेवढं बघून घेत होतं. कॉयरनं गाणं धरलं तेव्हा इनासकाका गायले नाहीत. पुढं परत गायला लागले ते केव्हापासून, मला आठवत नाही.

त्या रात्री जेवताना बाबांनी मला विचारलं, “तो इनासचा शब्द काय होता?” मी सांगितला. त्यांनी दोनदा तो नीट म्हणून बघितला. “आणि मग त्याचं तू पुढं काय करणार आहेस? ह्या सगळ्या शिक्षणाचं?” पाण्याच्या पाळीशिवाय कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. शाळेत जागा आहे असं ऐकलंय, मराठी शिकवायला, असं मी म्हणालो. “मग जा की विचारायला,” ते म्हणाले. “सकाळी पाण्याचं मी बघतो.”

दगड त्यानंतर आठवड्यानं बसला. खालची ओळ खरंच बारीक आली आहे आणि जरा डावीकडे गेली आहे. तो बसवून झाल्यावर रेमेतकाकी भुईगावला गेल्या, त्या आपली कपड्यांची पेटी आणायला.